ब्रेक कुणाचा, रॅक कुणी लावायचा?

२००१ सालच्या यूएस ओपन नाइन-बॉल स्पर्धेची अंतिम लढत ११-० अशी एकतर्फी संपली. जिंकला अमेरिकेचा कोरी ड्यूएल; समोर होता फिनलंडचा मिका इमोनेन, त्याच वर्षीचा जगज्जेता. चर्चा मात्र निकालापेक्षा ड्यूएलच्या ब्रेकचीच जास्त झाली. नाइन-बॉलमध्ये पहिला फटका जीव खाऊन मारायचा आणि बॉल टेबलभर उधळायचे, अशी तोवरची रीत. ड्यूएल हलक्या हाताने ब्रेक करत होता. रॅकच्या, म्हणजे सुरुवातीला रचलेल्या बॉलच्या, कडेचा बॉल अलगद कोपऱ्यातल्या पॉकेटकडे निघायचा, बाकीचे बॉल फारसे विखरायचे नाहीत आणि पुढचे टेबल साफ करणे सोपे होऊन बसायचे. नियमांत हे पूर्णपणे बसत होते. तरीही पूलप्रेमींमध्ये तेव्हा पडलेले दोन तट आजही कायम आहेत. एका बाजूला यात डोके दिसले, दुसऱ्या बाजूला खेळातला जीव गेलेला दिसला.

आपल्याकडच्या बहुतेक तरुणांना पूल ठाऊक आहे तो फोनवरच्या एट-बॉलमुळे. रेघांचे सात, रंगांचे सात, शेवटी काळा आठ. व्यावसायिक पूलचा सर्वांत मोठा डोलारा मात्र नाइन-बॉलवर उभा आहे. टेबलावर एक ते नऊ क्रमांकाचे बॉल. पांढऱ्या बॉलने दर वेळी आधी सर्वांत लहान क्रमांकाच्या बॉलला स्पर्श करायचा. त्यानंतर कुठलाही बॉल कुठल्याही पॉकेटात गेला तरी चालतो, आणि नऊ नंबरचा बॉल नियमात राहून जो घालवेल तो रॅक, म्हणजे तो डाव, जिंकतो. मग तो नऊ अगदी दुसऱ्या फटक्याला एकाला लागून गेला तरी हरकत नाही. नियम इतके थोडके आहेत की नवखा माणूस पाच मिनिटांत सामना बघायला लागतो. वाद सुरू होतात ते पुढे: ब्रेक कुणी करायचा, रॅक कुणी लावायचा, किती रॅक खेळायचे, नशिबाने गेलेला बॉल धरायचा की नाही, घड्याळ लावायचे की नाही.

या वादांना इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत अजिंक्यपदाचा खेळ म्हणजे स्ट्रेट पूल. पंधरा बॉलपैकी कुठलाही बॉल सांगून घालवायचा, प्रत्येकी एक गुण, आणि चुकेपर्यंत खेळत राहायचे. विली मॉस्कोनीने १९५४ मध्ये ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्ड इथे एका प्रदर्शनीय सामन्यात न चुकता लागोपाठ ५२६ बॉल घातले. तो विक्रम मोडायला २०१९ साल उजाडले. जॉन श्मिटने ६२६ बॉल घातले. कौशल्याची यापेक्षा कडक कसोटी सापडणे अवघड, असे स्ट्रेट पूलचे चाहते आजही ठामपणे सांगतात, आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. अडचण एवढीच की तासभर एकच माणूस खेळतो आणि दुसरा खुर्चीत बसून राहतो. दूरचित्रवाणीला हे परवडले नाही. १९६१ च्या ‘द हसलर’ या चित्रपटाचा नायक फास्ट एडी स्ट्रेट पूल खेळतो; १९८६ च्या ‘द कलर ऑफ मनी’मध्ये त्याच फास्ट एडीच्या गोष्टीत नाइन-बॉल आला. मधल्या पंचवीस वर्षांत अमेरिकेतल्या स्पर्धांचाही तोल तसाच सरकला होता.

महाराष्ट्राला हा पेच नवा नाही. मुंबईच्या मायकल फरेरा यांनी १९७८ मध्ये राष्ट्रीय बिलियर्ड्स स्पर्धेत एका खेपेत ११४९ गुण केले. हौशी खेळाडूने हजाराचा टप्पा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. अशा खेळीचे मोल जाणकार जाणतात, पण प्रतिस्पर्ध्याचा क्यू तेवढा वेळ भिंतीला टेकलेला असतो. बिलियर्ड्सने यावर तोडगा काढला तो दोन अजिंक्यपदांचा: एक ठरावीक वेळेचे, दुसरे दीडशे-दीडशे गुणांच्या छोट्या डावांचे. पुण्यात जन्मलेल्या पंकज अडवाणीने २००५ मध्ये माल्टात ही दोन्ही जागतिक विजेतेपदे एकाच वेळी पटकावली. म्हणजे दोन्ही प्रकारांत खरा गुणी माणूस वर येऊ शकतो. पूलला मात्र असा समंजस तह अजून जमलेला नाही.

नशिबाचा मुद्दा आधी घेऊ, कारण बाहेरून बघणाऱ्याला तोच सर्वांत खटकतो. नाइन-बॉलमध्ये चुकलेला बॉल तीन कुशनांना लागून भलत्याच पॉकेटात पडला तरी खेळाडूची पाळी चालू राहते. टेन-बॉलमध्ये बॉल आणि पॉकेट आधी सांगावे लागते, आणि ब्रेकवरच दहा नंबरचा बॉल गेला तर तो परत टेबलावर ठेवतात. नाइन-बॉलच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मात्र ब्रेकवर नऊ गेला की रॅक जिंकलाच. टेन-बॉलची पहिली जागतिक स्पर्धा २००८ मध्ये फिलिपिन्समध्ये झाली आणि इंग्लंडच्या डॅरेन ॲपलटनने ती जिंकली. तेव्हा अनेकांना वाटले की नाइन-बॉलचे दिवस भरले. तसे झाले नाही. टेन-बॉल अधिक न्याय्य आहे हे मान्य करणारेही बघायला नाइन-बॉलच निवडतात. फ्लूकने चिडणारा प्रेक्षक पुढच्या रॅकपर्यंत जागचा हलत नाही, हे आयोजकांनी ओळखले आहे. पण ब्रेकवर नऊ पडून रॅक संपणे ही वेगळी गोष्ट. त्यात सामनाच होत नाही. तो नऊ परत टेबलावर ठेवावा, ही मागणी योग्य आहे.

फाउलच्या शिक्षेबद्दलचा वाद जुन्या पिढीचा आहे, पण त्याच्यावर रेंगाळावे असा. आज प्रतिस्पर्ध्याने फाउल केला की पांढरा बॉल हातात मिळतो आणि टेबलावर हवा तिथे ठेवता येतो. पूर्वी असे नव्हते. खेळाडूचा बॉल दुसऱ्या बॉलआड अडकला तर तो पांढरा बॉल सोयीच्या जागी सरकवून ठेवायचा, आणि मग समोरच्याने ठरवायचे: फटका आपण घ्यायचा की त्यालाच परत द्यायचा. ही सवलत सामनाभर, केव्हाही. लागोपाठ दुसरा फाउल झाला तरच बॉल हातात. नव्या नियमाने ही सवलत फक्त ब्रेकनंतरच्या पहिल्या फटक्यापुरती ठेवली. तिला पुश-आउट म्हणतात. जुन्या नियमाचे चाहते म्हणतात की त्या काळी लांबचा, अवघड फटका मारण्याची हिंमत मोजली जाई. आता लपवाछपवीच्या सेफ्टीला मोल आले.

त्यांना उत्तर आहे ते १९९५ चे. अमेरिकेतल्या रिनो शहरात सँड्स रीजन्सी स्पर्धेच्या अंतिम सामन्यात फिलिपिन्सचा एफ्रेन रेयेस अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध पाच नंबरच्या बॉलवर अडकला. सरळ रस्ता बंद. रेयेसने पांढरा बॉल दोन कुशनांवरून वळवून पाचवर आणला, पाच पॉकेटात घातला, आणि पुढच्या बॉलसाठी जागाही मिळवली. टेबलावर उमटलेल्या त्या वाटेमुळे हा फटका ‘झेड शॉट’ म्हणून ओळखला जातो, आणि पूलचा सर्वांत गाजलेला फटका कोणता असे विचारले तर बहुतेक चाहते याचेच नाव घेतील. जुना नियम असता तर रेयेसने पांढरा बॉल निमूट बाजूला सरकवला असता. अडकलेल्या खेळाडूला सुटकेचा सोपा दरवाजा ठेवला नाही म्हणूनच तो फटका जन्माला आला. या एका उदाहरणापुढे जुन्या नियमाची बाजू लंगडी पडते.

आता मूळ भांडण: ब्रेक. रॅक जिंकणाऱ्यानेच पुढचा ब्रेक करायचा, की आळीपाळीने? विजेत्याच्या ब्रेकचे समर्थक स्ट्रिकलंडची १९९६ ची डॅलसमधली कामगिरी पुढे करतात. तिथे लागोपाठ दहा रॅक ब्रेक करून साफ करणाऱ्याला दहा लाख डॉलर असे बक्षीस लावले होते, विमा उतरवून. स्ट्रिकलंडने अकरा साफ केले. विमा कंपनीने पैसे द्यायला नकार दिला, वाद कोर्टकचेरीत गेला आणि अखेर तडजोडीवर मिटला. पैशाचे काहीही होवो, ते अकरा रॅक पूलच्या इतिहासात अजरामर झाले, आणि आळीपाळीच्या ब्रेकमध्ये अशी मालिका घडूच शकत नाही. उलट बाजूचे लोक विचारतात, समोरच्याने काय गुन्हा केला? तिकीट काढून आलेल्याला दोघांचा खेळ बघायचा असतो. टेनिसमध्ये गेम जिंकणाऱ्याला पुढची सर्व्हिस मिळत नाही.

दोन्ही बाजू न्यायाची भाषा बोलतात, आणि नेमके तिथेच गणित त्यांच्या मदतीला येत नाही. प्रत्येक खेळाडूची स्वतःच्या ब्रेकवर रॅक जिंकण्याची शक्यता सामनाभर तीच राहते असे धरा. मग पहिला ब्रेक करणारा ठरलेला असेल, तर आधी ठरावीक रॅक गाठण्याच्या सामन्यात जिंकण्याची शक्यता दोन्ही पद्धतींत तंतोतंत सारखी निघते. कारण असे: आधी ११ रॅकच्या सामन्यात निकाल लागल्यावरही उरलेले रॅक खेळून एकवीस पूर्ण केले, आणि ते ब्रेक योग्य त्या खेळाडूला दिले, तर दोन्ही पद्धतींत एकाचे अकरा ब्रेक आणि दुसऱ्याचे दहा असाच हिशेब बसतो. फरक पडतो तो धावफलकाच्या चेहऱ्यात. विजेत्याच्या ब्रेकमध्ये ११-३ आणि लांबच लांब मालिका जास्त दिसतात. आळीपाळीत ११-९ जास्त. खुर्चीत बसलेल्याच्या मनावर येणारे दडपण या गणितात नाही, हे खरे. पण दडपण सोसणे हा खेळाचाच भाग आहे. तेव्हा प्रश्न न्यायाचा नसून काय बघायला आवडते याचा आहे, आणि तसा तो मोकळेपणाने मांडला तर निम्मी कटुता जाईल. प्रस्तुत लेखकाचे मत विजेत्याच्या ब्रेकच्या बाजूने आहे. पिछाडीवरून उसळी मारण्याची सर्वांत मोठी शक्यता त्यातच असते.

अर्थात एक अट आहे: ब्रेक हा खरोखर कौशल्याचा फटका असायला हवा. ड्यूएलने दाखवून दिले की घट्ट लागलेल्या रॅकमध्ये कडेचा बॉल जवळपास हमखास पडतो. पुढे पातळ प्लास्टिकचे साचे आले. त्यांच्यावर बॉल ठेवले की एकमेकांना अगदी चिकटून बसतात, आणि हमखासपणा आणखी वाढला. त्याआधी लाकडी किंवा प्लास्टिकचा त्रिकोण असे, आणि खेळाडू रॅकशेजारी उकिडवा बसून बॉलमधल्या केसाएवढ्या फटी तपासत बसे. आपला रॅक आपणच लावायच्या स्पर्धांत ही तपासणी इतकी लांबे की प्रेक्षक जांभया देत. साच्याने ते भांडण मिटवले, पण ब्रेकमधली अनिश्चितताही नेली.

आयोजकांनी एकावर एक ठिगळे लावली. नऊ नंबरचा बॉल टेबलावरच्या खुणेवर ठेवून अख्खा रॅक पुढे सरकवला, म्हणजे कडेच्या बॉलची पॉकेटकडची वाट मोडते. पांढरा बॉल मधल्या ठरावीक चौकटीतूनच मारायचा, असे बंधन आले. काही स्पर्धांत किमान तीन बॉल एक तर पॉकेटात जावेत किंवा वरच्या रेषेपलीकडे यावेत अशी अट आली. हलक्या ब्रेकला हा थेट चाप. अलीकडे मॅचरूम कंपनीने आपल्या स्पर्धांत कोपऱ्याच्या पॉकेटांचे तोंड चार इंचांवर आणले. बॉलचा व्यास सव्वादोन इंच. म्हणजे दोन बॉल शेजारी शेजारी मावतही नाहीत. या उपायांपैकी नऊ खुणेवर ठेवणे आणि अरुंद पॉकेट हे दोन चाहत्यांनी बऱ्यापैकी स्वीकारले आहेत. तीन बॉलच्या अटीवर मात्र अजून नाराजी आहे, आणि ती रास्त आहे. बॉल पडला, खेळाडू पुढच्या फटक्याला वाकला, आणि पंच बॉल मोजून सांगतो की ब्रेक अवैध. घरी बसून बघणाऱ्याला काय झाले तेच कळत नाही. त्यापेक्षा रॅक पंचाने लावावा. बॉल फोडणारा आणि बॉल लावणारा एकच असू नये, एवढी साधी गोष्ट आहे.

सामना किती लांब असावा, यावरची चर्चा बहुधा भावनेच्या भरात होते. आकडे बघावेत. समजा एक खेळाडू थोडासा सरस आहे आणि शंभरातले ५५ रॅक जिंकतो. आधी ५ रॅकच्या सामन्यात त्याची जिंकण्याची शक्यता सुमारे ६२ टक्के. आधी ११ मध्ये ६८. आधी १५ मध्ये ७० च्या थोडी वर. पाचावरून पंधरावर गेले, सामना तिप्पट झाला, तरी सरस खेळाडूला मिळालेले संरक्षण आठ-नऊ टक्क्यांचेच. त्याला ९४ टक्क्यांपर्यंत न्यायचे तर आधी १२० रॅक खेळावे लागतात.

असा सामना प्रत्यक्षात झाला आहे. १९९६ मध्ये हाँगकाँगला रेयेस आणि स्ट्रिकलंड तीन दिवस खेळले, आधी १२० रॅक, जिंकणाऱ्याला एक लाख डॉलर. एका टप्प्यावर स्ट्रिकलंड सतरा रॅकनी पुढे होता. रेयेस १२०-११७ असा जिंकला. लांब सामन्याचे चाहते या लढतीचे नाव आदराने घेतात, आणि घ्यावेच. पण दर आठवड्याला कुणी तीन दिवस देऊ शकत नाही.

दुसऱ्या टोकाला मॉस्कोनी कप आहे. युरोप विरुद्ध अमेरिका ही सांघिक लढत १९९४ पासून दर वर्षी होते. एक-एक सामना अवघा आधी ५ रॅकचा, आळीपाळीचा ब्रेक, फटक्याला तीस सेकंद, आधी ११ गुण मिळवणारा संघ विजयी. इथे एका चुकीने सामना जातो, आणि गॅलरी फुटबॉलच्या मैदानासारखी गर्जत असते. २०१० ते २०१७ युरोपने सलग आठ वेळा हा कप जिंकला, तेव्हा छोट्या सामन्यांत नशीबच चालते हा आक्षेप आपोआप फिका पडला. एकेक सामना छोटा असला तरी चार दिवसांत पुष्कळ सामने होतात, आणि बेरजेत बळकट संघ वर येतो. २०२४ मध्ये मनिला इथे याच धर्तीवर आशिया विरुद्ध युरोप असा रेयेस कप सुरू झाला आणि पहिलाच कप आशियाने नेला. सांघिक खेळाला हा आराखडा शोभतो. वैयक्तिक जगज्जेतेपद मात्र पाच रॅकवर ठरू नये.

बाद फेरीचा वादही असाच अर्धा सुटलेला आहे. अमेरिकेची परंपरा दोन पराभवांनंतर बाद करण्याची. त्यात एक वाईट तास माफ होतो. तक्रार अशी की अनेक स्पर्धांत शेवटचा सामना एकच असतो. तोवर एकदाही न हरलेला खेळाडू तिथे पहिल्यांदा हरतो आणि स्पर्धा गमावतो, तर एकदा हरून आलेला जिंकून जातो. जागतिक अजिंक्यपदात १२८ खेळाडू असतात. ६४ उरेपर्यंत दुसरी संधी, त्यानंतर हरला तो बाद. ही तडजोड चांगली आहे, कारण कुणाला केव्हापर्यंत माफी आहे हे सर्वांना आधीच ठाऊक असते. डर्बी सिटी क्लासिकमध्ये तर हरलेल्याला पुन्हा एकदा प्रवेश फी भरून स्पर्धेत परत येता येते. त्या मेळ्याच्या मोकळ्या वातावरणात ते खपते, इतरत्र खपणार नाही.

काही नवे प्रयोग चाहत्यांना अजिबात पचले नाहीत. प्रेडेटर मालिकेत चार-चार रॅकचे दोन सेट बरोबरीत सुटले की शूटआउट घेतात: खुणेवर ठेवलेला एकच बॉल, दोघांनी आळीपाळीने घालायचा. वेळापत्रक सांभाळायला हे सोयीचे आहे. पण ब्रेक, सेफ्टी, पांढऱ्या बॉलची पुढची जागा, म्हणजे ज्यासाठी पूल बघायचा ते सगळे, निर्णायक क्षणी बाजूला पडते. शूटआउट बंद व्हावा.

घड्याळाबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. तीस सेकंद आणि रॅकमागे एकदा वाढीव वेळ, हे प्रेक्षकांनी मनापासून स्वीकारले. दुखणे आहे ते बाहेरच्या टेबलांचे. कॅमेऱ्यासमोर घड्याळ, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर तासन् तास रेंगाळणारा सामना, हा भेदभाव सुरुवातीच्या फेऱ्यांत सर्रास दिसतो.

नियम बदलून आणि पैसा ओतून खेळ एका रात्रीत मोठा करता येत नाही, हे २००६ ने शिकवले. इंटरनॅशनल पूल टूरने एट-बॉलवर भर दिला, मुद्दाम संथ कापड वापरले, गटवार साखळी सामने ठेवले. रिनोत रेयेसने पाच लाख डॉलरचे पहिले बक्षीस जिंकले, पण खेळाडूंचे पैसे वेळेवर मिळालेच नाहीत आणि टूर कोसळली. पुढच्या काळात पैसा परत आला तो नाइन-बॉलमध्येच. २०२४ ची जागतिक स्पर्धा जेद्दाला झाली, एकूण बक्षिसे दहा लाख डॉलरची. अंतिम सामना आधी १५ रॅकचा होता. फेडोर गोर्स्टने अल्बेनियाच्या एक्लेंट काचीला १५-१४ असे हरवले आणि अडीच लाख डॉलर मिळवले. शेवटच्या रॅकपर्यंत कुणालाही निकाल सांगता आला नसता. पुढच्या वर्षी याच गोर्स्टला कार्लो बियाडोने १५-१३ असे हरवले. हा तोच बियाडो, ज्याने २०२१ च्या यूएस ओपनच्या अंतिम सामन्यात ३-८ अशा पिछाडीवरून सलग दहा रॅक जिंकले होते. इतक्या लांबीच्या सामन्यात अशा उसळीला जागा राहते. पाच रॅकच्या सामन्यात ती राहत नाही.

चाहत्यांची खरी दमछाक होते ती वेगळ्याच कारणाने. एका स्पर्धेत विजेत्याचा ब्रेक, दुसरीत आळीपाळीचा. इथे नऊ खुणेवर, तिथे एक. इथे तीन बॉलची अट, तिथे नाही. जागतिक महासंघ आणि खासगी आयोजक यांच्या रस्सीखेचीत प्रेक्षकाला दर सामन्याआधी नियम नव्याने विचारावे लागतात. क्रिकेटमध्ये एकदिवसीय सामन्याचे नियम मुंबईत एक आणि मेलबर्नमध्ये दुसरे असते तर कुणी सहन केले नसते. निदान एका मोसमातल्या सर्व मोठ्या नाइन-बॉल स्पर्धांत ब्रेक, रॅक आणि घड्याळ यांचे नियम एकच असावेत, आणि ते मोसम सुरू होण्याआधी जाहीर व्हावेत. महासंघ आणि आयोजकांनी एका टेबलाभोवती बसून हे ठरवायला हवे.